पाठ आणि हात

खाडीकाठच्या एका गावात एकदा एक नियम होता. पाच शब्दांचाच: भट्टी चुकत नाही, चुकतो हात. मुलांना तो पाढ्यांच्या आधी शिकवला जाई आणि पाढ्यांसारखाच शिकवला जाई, म्हणजे 'का' हे विचारायचे नसे.

गाव धुरीच्या मासळीवर जगत असे. जांभ्या दगडाची एकच मोठी भट्टी, आत माणूस उभा राहील एवढी उंच. तळाला कोळसा, कोळशावर नारळाची सोडणे, म्हणजे वरची सुकी सालं, आणि वर दांड्यांना टांगलेले बांगडे. सकाळी टांगलेला बांगडा दिवस कलताना उतरवत, तेव्हा त्याचा रंग जुन्या पितळेसारखा झालेला असे. सारे कसब भट्टीच्या तोंडाशी असलेल्या हातभर झडपेत होते. झडप जितकी उघडी, तितका वारा कोळशाला मिळणार. वारा जास्त झाला की निखारा भडके, मासा धुरावण्याऐवजी शिजून जाई आणि तुकड्यातुकड्याने राखेत गळून पडे. म्हणून झडपेपाशी बसणाऱ्या माणसाला गाव 'हात' म्हणत असे.

एका हंगामात एकाच माणसाकडून तीन वेळा मासा बिघडला, तर त्याला हात उतरवावा लागे. पाच जाणत्यांसमोर, पेटत्या भट्टीच्या साक्षीने, खाडीच्या पाण्याने भरलेल्या घंगाळात कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग जन्मात विस्तवाशी काम करायचे नाही. ही बातमी गावात राहत नसे. खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या भट्ट्या त्या माणसाला दारातूनच परत पाठवत.

वीस वर्षांत चौघांनी हात उतरवले होते. दोघे गाव सोडून गेले. तिसरी यमू, ती भट्टीसमोरच्या अंगणात मासे खवलायला बसे, पण पाठ नेहमी भट्टीकडे करून. चौथा वस्तादांचा सख्खा धाकटा भाऊ, आणि त्यामुळेच नियमावर पक्षपाताचा आरोप करायची कुणाची छाती नव्हती.

वस्ताद म्हणजे भट्टीचे गुरू. वय सत्तरीच्या पुढे. ते स्वतः झडपेला हात लावीत नसत. दुपार झाली की ओले गोणपाट अंगाभोवती घेऊन ते भट्टीच्या मागे जात आणि भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसत. उष्णतेने त्यांच्या पाठीवर तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. गाव त्याला तप म्हणत असे. लग्न होऊन गावात आलेल्या मुलींना तो डाग देवळासारखा दाखवला जाई.

केतकी त्यांची शिष्या. कॉलेज करून परत आलेली, आणि तीन वर्षे त्यांच्या हाताखाली शिकत असलेली. काम ती पटकन उचले. न पटलेली गोष्ट मात्र तिला कुणी गिळायला लावू शकत नसे. "ही पोरगी नमस्कार करतानासुद्धा वर बघते," असे भिकाजी म्हणत. भिकाजी पाच जाणत्यांतले सर्वांत वडील आणि सर्वांत बोलके.

त्या हंगामात वस्तादांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि ते दोन आठवडे घरात पडून राहिले. त्याच दोन आठवड्यांत झडपेवर बसणाऱ्या सुभद्राकडून तीन वेळा मासा बिघडला. गावाने याचा सरळ अर्थ लावला: वस्तादांची नजर हटली आणि बाई सैलावली. हात उतरवायचा दिवस ठरवायचा तेवढा बाकी राहिला.

नेमका तेव्हाच शहरातला एक व्यापारी आला. गावाची बरीच मासळी तोच नेई. त्याने बरोबर एक यंत्र आणले होते: आकडे दाखवणारी एक डबी, तिला जोडलेली भट्टीत खोचायची लांब सळई, आणि झडपेच्या जागी बसवायचा मुठीएवढा पंखा. तो म्हणाला, "डबीला एकदा सांगायचं, मला सत्तर अंश हवेत. आत गारवा वाढला तर पंखा वारा घालतो, ताप चढला तर थांबतो. माणसाला बघायलाच नको."

"फुकट?" भिकाजींनी विचारले.

"फुकट. वापरून बघा."

"फुकटच्या पाहुण्याचं आधी गाठोडं बघावं," भिकाजी इतरांना म्हणाले, पण व्यापाऱ्याला ऐकू जाईल असे.

केतकी त्या वेळी भिकाजींच्या बाजूने होती, आणि असे फारसे कधी घडत नसे. तिने व्यापाऱ्याला बाजूला घेतले. "यात तुमचं काय?"

"सगळा मासा एकसारखा होईल. मला रोज निवडत बसायला नको."

"आणि झडपेवरच्या माणसाचं काय होईल?"

"तू फार संशयी आहेस गं."

"उत्तर नाही दिलंत."

व्यापारी हसला आणि उत्तर न देताच गेला. यंत्र मात्र राहिले.

जाणत्यांची बैठक झाली तेव्हा सगळ्यांना वाटले, वस्ताद ते खाडीत फेकायला सांगतील. त्यांनी उलटेच केले. "लावा," ते म्हणाले. "यंत्राला मन नसतं, झोप नसते. ते बसवूनही मासा बिघडला तर दोष भट्टीचा, नाही बिघडला तर हाताचा. एकदाच काय ते होऊन जाऊ द्या."

भिकाजींनी मान डोलावली. केतकीला हे बोलणे फार व्यवस्थित वाटले. ज्या माणसाने तीन वर्षांत भट्टीवर साधा तापमापक लावू दिला नाही, त्याला आज यंत्र एकदम कसे चालते? पण शंकेला अजून पाय नव्हते.

त्या संध्याकाळी ती सुभद्राच्या ओट्यावर जाऊन बसली. सुभद्रा तांदूळ निवडत होती.

"काकी, खरं सांग. झडपेवर डुलकी लागली होती?"

सुभद्राने सूप खाली ठेवले. "तुलाही तसंच वाटतं?"

"मला सगळ्यांबद्दलच वाटतं. तुला आधी विचारलं, कारण तू खरं सांगशील."

"नाही लागली गो. झडप बंद होती. मी बंद केली होती, आणि तरी कोळसा भडकत होता." मग तिने आपले हात उलटसुलट करून पाहिले. "पण भट्टी तर चुकत नाही. म्हणजे मला वाटतं बंद केली, आणि केलेली नसणार. हातच गेला असेल माझा. वय झालं."

"पंचेचाळीस?"

"हाताचं वय वेगळं असतं."

केतकीला तिचा रागच आला. स्वतःच्या डोळ्यांनी बंद झडप पाहिलेली बाई पाच शब्दांपुढे आपले डोळे खोटे ठरवत होती.

दुसऱ्या दिवशी यंत्र लागले. केतकीने पंखा झडपेच्या जागी बसवला आणि भोवतीची फट ओल्या मातीने लिंपली, म्हणजे वारा आत जाईल तो फक्त पंख्यातून. डबी भट्टीसमोर टांगली. ती एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत बसली. सत्तर. एकाहत्तर. एकोणसत्तर. दुपारी नेहमीप्रमाणे वस्ताद गोणपाट घेऊन मागे गेले. खाडीवरून वारा सुटला, माडांच्या झावळ्या सळसळू लागल्या. आकडा सत्तरच.

संध्याकाळी बांगडे उतरले, सगळे एका रंगाचे. भिकाजी एकेक उचलून उजेडात धरत होते. "घ्या. भट्टी तीच, कोळसा तोच, नव्हता तो फक्त सुभद्रेचा हात." उद्या तिसऱ्या प्रहरी घंगाळ मांडायचे ठरले. यमू अंगणात खवले गोळा करत होती. तिने वर पाहिले नाही.

केतकीने मांडलेले यंत्र जिंकले होते. लोक तिची पाठ थोपटत होते. ती मात्र कॅलेंडरवरच्या एका ओळीवर बोट ठेवून उभी होती. तीन वाजून दहा: चौऱ्याहत्तर. तीन पंधरा: एकोणऐंशी. तीन वीस: चौऱ्याऐंशी. मग पुन्हा खाली, आणि पावणेचारला सत्तर. दिवसभरात एवढीच एक उडी होती आणि तिच्या पुढे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: पंखा थांबलेला.

पंखा थांबलेला. फट लिंपलेली. मग निखाऱ्याला वारा कुणी घातला?

तिने आठवून पाहिले. तीनच्या सुमारास कोण आले, कोण गेले. कुणी नाही. फक्त वस्ताद चहाला उठले होते. पडवीत बसून सावकाश चहा पिऊन ते रिकामा पेला कट्ट्यावर ठेवून परत भिंतीमागे गेले, तेव्हा आकडा उतरू लागला होता.

सूर्य अजून माडांच्या वर होता. भट्टी आतून धगधगत होती. केतकीने देवळीतली उदबत्ती पेटवली, भट्टीच्या मागे गेली आणि वस्ताद बसत त्या जागी, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, भिंतीलगत धरली. धुराची सरळ रेघ एकदम वाकली आणि भिंतीत शिरली. दोन चिऱ्यांमध्ये वीतभर लांबीची चीर होती. आजूबाजूचा दगड पाठीच्या घासण्याने गुळगुळीत झाला होता.

"सापडली?" मागून आवाज आला.

वस्ताद उभे होते, खांद्यावर गोणपाट. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट एखाद्याचे ओझे उतरावे तसे ते शेजारच्या दगडावर बसले.

"ही भट्टी माझ्या गुरूंनी बांधली," ते म्हणाले. "ते गेले त्याच वर्षी चीर पडली. मी माती भरली, आगीने ती आठवड्यात सोडली. परत भरली, तेव्हा एकाने विचारलं, वस्ताद, भट्टीला काय झालं? त्याचा चेहरा मी पाहिला, पोरी. त्या दिवशी मला समजलं, हे गाव माशावर जगत नाही, विश्वासावर जगतं. भट्टीवरचा विश्वास उडाला तर उद्या कुणी पहाटे उठून कोळसा भरणार नाही. हात बदलता येतो, भट्टी बदलता येत नाही. म्हणून चीर मी पाठीवर घेतली. गुरू म्हणजे दुसरं काय? जे उघडं पडलं तर सगळ्यांचं नुकसान होईल, ते ज्याने स्वतःचं अंग भाजून झाकलं, तो गुरू."

दृष्टांतात या ठिकाणी शिष्याचे डोळे भरून येतात आणि तो गुरूंच्या पायांवर डोके ठेवतो. केतकीचेही डोळे भरले, ते लपवण्यात अर्थ नाही. वीस वर्षे रोज दुपारी तापल्या दगडाला पाठ लावून बसणे ही सोपी गोष्ट नव्हे. पण ती वाकली नाही. तिने विचारले,

"तुमच्या भावाकडून तीन वेळा मासा बिघडला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मला ताप होता. हिवताप."

"त्यांना चीर माहीत होती?"

"नाही."

"नंतर सांगितलीत?"

खाडीवरून एक बगळा गेला, त्याच्याकडे ते बघत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचे गोणपाट काढून तिच्या हातात दिले. "उद्या मला समोर बसावं लागणार. माझ्या शब्दाशिवाय हात उतरत नाही. त्या वेळी डबीवर सत्तर दिसायला हवेत, आणि वारा तर रोज त्याच वेळी सुटतो. मागे कुणीतरी पाहिजे. ही जागा मी आजवर कुणाला दाखवलेली नाही. तुला दाखवतोय, याचा अर्थ तुला कळतो."

अर्थ तिला कळला. त्या भट्टीला बाईमाणूस वस्ताद कधी लाभला नव्हता. ती जागा तिला हवी होती, पहिल्या दिवसापासून हवी होती. फक्त ती एका गोणपाटात गुंडाळून मिळेल असे तिला वाटले नव्हते.

तिने गोणपाट घेतले आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी भट्टी पेटलेली होती, पंखा लागलेला होता, डबीवर सत्तरचा आकडा होता. अंगणात पाच जाणते चटईवर बसले, मधोमध वस्ताद. समोर पाण्याने भरलेले पितळी घंगाळ. सुभद्रा धुवट लुगडे नेसून आली होती, बाह्या वर सारलेल्या. यमू आपल्या जागी, पाठ करून.

"वस्तादांची शिष्या कुठाय?" भिकाजी म्हणाले. "यंत्राचा मानकरी तीच ना."

"येईल," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी भट्टीच्या मागच्या बाजूला एकदा नजर टाकली.

माडांच्या झावळ्या हलू लागल्या. डबीवर बाहत्तर झाले. पंख्याची घरघर थांबली. पंचाहत्तर.

केतकी आली, पण मागून नव्हे. अंगणाच्या समोरच्या फाटकातून. हातावर गोणपाट होते आणि ते कोरडे होते. वस्तादांच्या एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती, पण कोरडे गोणपाट त्यांना दुसऱ्या डोळ्याने दिसले.

"एकोणऐंशी," कुणीतरी म्हणाले.

"यंत्र बिघडलं," भिकाजी म्हणाले. "माणसानं केलेलं ते, बिघडायचंच. काढ गो ते."

"काढते." केतकीने पंखा ओढून काढला आणि चटईवर जाणत्यांच्या पुढ्यात ठेवला. झडप लावली, भोवती माती दाबली. फक्त सळई आत राहू दिली. "आता पंखा तुमच्यासमोर आहे. झडप बंद आहे. काकी घंगाळापाशी उभी आहे, तिच्या हातात काही नाही. भिकाजीकाका, आकडा वाचा."

भिकाजींनी वाचला नाही. सुभद्राने वाचला. "ब्याऐंशी." मग हळू आवाजात, "पंच्याऐंशी. असंच होत होतं गो. अगदी असंच."

"आता हात कुणाचा आहे?" केतकीने विचारले.

"केतकी," वस्ताद अगदी हळू म्हणाले, "जागेवर जा."

"कुठल्या जागेवर, वस्ताद? मला सांगितलंत, आता यांनाही सांगा."

वस्तादांनी नजर घंगाळाकडे वळवली. तेव्हा तिने पेटवलेली उदबत्ती भिकाजींच्या हातात दिली. "मागच्या भिंतीला जा. वस्ताद बसतात तिथे, गुडघ्याएवढ्या उंचीवर धरा. धूर कुठे जातो ते बघून या. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा."

भिकाजी कुरकुरत उठले आणि भिंतीआड गेले. परत आले तेव्हा उदबत्ती त्यांच्या बोटांत तशीच जळत होती. ते खाली बसले. बसता बसता त्यांनी एकदा वस्तादांच्या पाठीकडे पाहिले, आणि मग दुसऱ्यांदा पाहिले नाही.

केतकीने गोणपाट उलगडून वस्तादांसमोर अंथरले.

"तुम्ही मला ही जागा दिलीत. मी ती घेणार नाही. आज नाही आणि तुमच्यामागेही नाही. तुम्ही भाजलात, ते मी नाकारत नाही. पण पाठ तुम्ही दिलीत, आणि हात दुसऱ्यांचे गेले. मी चिरेला पाठ लावणार नाही."

अंगणात खवले घासण्याचा आवाज थांबला होता. यमू वळली होती. अकरा वर्षांनी ती भट्टीकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या हातातला बांगडा अर्धाच खवललेला होता.

डबीवर नव्वद होते. आत कुठेतरी एक मासा दांडीवरून सुटून राखेत पडला.

सुभद्राने वाकून घंगाळ दोन्ही हातांनी उचलले. पाणी हिंदकळले. सगळ्यांना वाटले ती आता हात धुणार. ती घंगाळ घेऊन भट्टीच्या मागे चिरेपाशी गेली, तिथल्या तांबड्या मातीत तिने ते पाणी ओतले, गुडघे टेकले आणि कोपरापर्यंत हात चिखलात घालून तो कालवायला लागली.

चिखलाचा चपचप आवाज अंगणापर्यंत येत होता. पाच जाणते चटईवर बसून तो ऐकत होते.